तीनशे पावलांवरची शाळा

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. आम्ही साताऱ्यात, शहराच्या वाढीव हद्दीतील एका वसाहतीत राहतो. मी बँकेत नोकरी करते आणि माझे पती एमआयडीसीतील एका कारखान्यात अभियंता आहेत. येत्या जूनमध्ये मुलीला पहिलीत घालायचे आहे. घरापासून तीनशे पावलांवर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट ६३, शिक्षक तीन. आमच्या इमारतीतील सगळी मुले मात्र सात किलोमीटरवरच्या, महामार्गालगतच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बसने जातात. मला जवळची शाळा पटते, परंतु सासूबाई म्हणतात, "तिथे आता आपल्यातली मुलं कुठे आहेत?" आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची नात त्याच शाळेत दुसरीत आहे आणि ती फार छान वाचते, हेही मी पाहिले आहे. माझे दीर अमेरिकेत असतात. त्यांचे म्हणणे, तिकडेही लोक चांगली शाळा पाहूनच घर घेतात, मग यात वाईट काय? त्यातच सोसायटीत एक निवेदन फिरते आहे, की पट कमी असल्याने ही शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन करावी आणि जागा बागेसाठी द्यावी. मी सही करावी का? आणि शेजारची चार घरे द्विधा मनःस्थितीत असताना मी एकटीने मुलीला तिथे घातले, तर तत्त्वासाठी तिच्यावर प्रयोग केल्यासारखे होईल का?

एक आई, सातारा

(पत्रलेखिकेच्या विनंतीवरून वसाहतीचे आणि शाळांची नावे गाळली आहेत.)

सौ. ताई,

सप्रेम नमस्कार. सहीबद्दलचे उत्तर आधी देते, कारण निवेदन थांबून राहत नाही: सही करू नका, आणि जमले तर सोसायटीच्या सचिवांना दोन ओळी लिहून तसे कळवा. कारण पुढे येईलच. दुसरा प्रश्न मात्र दोन ओळींत उरकण्यासारखा नाही, आणि त्यातला 'प्रयोग' हा शब्द मला आधी बाजूला काढावासा वाटतो. सहा वर्षांच्या मुलीला रोज चौदा किलोमीटर बसमधून नेणे-आणणे हाही प्रयोगच आहे. तो सगळ्या इमारतीने मिळून चालवला असल्यामुळे त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही, एवढेच.

तुमच्या सासूबाई खोटे बोलत नाहीत. 'आपल्यातली' म्हणजे नेमकी कोणती, हे विचारले तर त्यांनाही चटकन सांगता येणार नाही. त्या एका शब्दात जात असते, पगार असतो, घरात बोलली जाणारी भाषा असते आणि डब्यात काय येते तेही असते. तरीही त्यांचे निरीक्षण खरे आहे. आता तुमच्या घरापासून तीनशे पावलांच्या आत कोण कोण राहते, याची मनातल्या मनात एकदा शिरगणती करून पाहा. निवृत्त शिक्षक असतील, बँकेतले लोक असतील, इस्त्रीवाले, रिक्षाचालक, कर्नाटकातून आलेली गवंडीकाम करणारी कुटुंबे असतील, आणि मागच्या वस्तीत तुमच्या मावशी आहेत. साताऱ्याची हद्द २०२० मध्ये वाढली. त्या वाढीव भागात जुनी गावठाणे, नवे बंगले, सदनिका आणि भाड्याच्या खोल्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. म्हणजे तुमचा परिसर बऱ्यापैकी मिसळलेला आहे. त्यातल्या शाळेचा पट तसा नाही, आणि महामार्गावरच्या शाळेचा तर नाहीच. जशी वस्ती तशी शाळा, असे आपण गृहीत धरून चालतो. तुमच्याकडे वस्ती एक आहे आणि शाळा मात्र दोन निरनिराळ्या गावांच्या असाव्यात तशा आहेत.

तुमच्या दिरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घराचा पत्ता शाळा ठरवतो, त्यामुळे तिथे माणसे आधी घरांच्या किमतींनी वेगळी होतात आणि शाळा त्या वेगळेपणाची नक्कल करते. वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सांगितले खरे, पण १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असे ठरवले की शहर आणि भोवतालची उपनगरे यांची शाळा-क्षेत्रे वेगळी असतील, तर उपनगरांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याखेरीज त्यांना काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र आणण्याच्या योजनेत ओढता येणार नाही. ज्यांना ऐपत होती त्यांनी हद्दीपलीकडे घर घेतले आणि प्रश्न मिटवला. पत्त्याची ही बेडी तोडण्यासाठीच 'शाळा निवडीच्या' योजना पुढे आल्या. गरीब वस्तीतल्या मुलालाही वस्तीबाहेरची शाळा निवडता यावी, हा त्यामागचा युक्तिवाद प्रामाणिक होता, आणि मी तो थट्टेवारी नेणार नाही.

परंतु निवड कोणाच्या हातात पडते, यावर सगळे अवलंबून असते. चिली देशाने १९८१ मध्ये सरकारी पैसा मुलाच्या मागोमाग खासगी शाळेतही जाईल अशी व्यवस्था केली. तिथला मध्यमवर्ग नगरपालिकांच्या शाळांतून बाहेर पडला, शाळा मुले निवडू लागल्या, आणि अखेरीस २०१५ मध्ये त्या देशाला कायदा करून अनुदानित शाळांना मुले निवडण्यास मनाई करावी लागली. याउलट अमेरिकेतल्या केंब्रिज या शहराने १९८१ पासूनच असा मार्ग धरला, की पालकांनी पसंतीक्रम द्यायचा आणि प्रत्येक शाळेत सर्व गटांतली मुले राहतील असा तोल सांभाळून शहराने प्रवेश द्यायचे. दोन्ही ठिकाणी पालकांना निवड होती. फरक इतकाच, की केंब्रिजमध्ये तोल सांभाळणे हे कोणाचे तरी काम होते आणि चिलीत ते कोणाचेच नव्हते.

आपल्याकडे या गोष्टीला कोणी योजना म्हणत नाही, पण निवड आहेच. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने परिसर शाळेची शिफारस केली होती, म्हणजे एका परिसरातल्या सगळ्या मुलांनी, घर कोणाचेही असो, एकाच शाळेत जावे. ती शिफारस अहवालात राहिली. पुढे २०१२ मध्ये महाराष्ट्रात स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि विनाअनुदान शाळा काढण्याची वाट पुष्कळ रुंद झाली. त्या शाळा कुठे उभ्या राहिल्या ते आपण पाहतोच. शहराच्या पेठांत मैदानासह जागा मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही, तेव्हा शाळा महामार्गाकडे सरकते. तिथे भोवती शेत, एखादे मंगल कार्यालय आणि एखादा पेट्रोल पंप असतो. अशा शाळेला परिसरच नसतो. तिचा परिसर म्हणजे तिच्या बसचा मार्ग, आणि बस कोणत्या कोपऱ्यावर थांबेल व कोणत्या वस्तीच्या तोंडाशी थांबणार नाही हे संस्थेचे कार्यालय ठरवते. फी जेवढी मुले गाळते, तेवढीच शाळेची जागा आणि बस ही दोन्ही मिळून गाळतात, फक्त त्याची पावती फाडली जात नाही.

इथे शिक्षण हक्काच्या कायद्याचा विचार करायला हवा. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत. बाकीच्यांवर हे बंधन आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ते २०१२ मध्ये उचलून धरले. आता 'परिसर' हा शब्द नियमांत अंतराने मोजतात, पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, आणि मोजणीचे वर्तुळ शाळेभोवती काढले जाते. भर वस्तीतल्या शाळेच्या वर्तुळात तुमच्या मावशींचे घर येते. शेतातल्या शाळेच्या वर्तुळात ऊस येतो. लांबच्या मुलाला सोडतीत जागा मिळाली तरी बसचे भाडे बहुधा पालकाच्याच खिशातून जाते, आणि पहिल्या वर्षी आनंदाने घेतलेला प्रवेश दुसऱ्या वर्षी त्या भाड्यापायी सुटतो, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, सेतू कार्यालयातली रांग, मोबाइलवर आलेला संदेश वेळेत वाचणे, हे सगळे रोजंदारी बुडवून करावे लागते, हा आणखी वेगळा भाग.

शाळा कुठे उभी आहे याला किती वजन असते, हे ९ फेब्रुवारी २०२४ रोजी अगदी उघड झाले. त्या दिवशी राज्य शासनाने नियम बदलून असे ठरवले, की खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट मिळेल. म्हणजे शेजारी गरिबांची शाळा आहे, तेव्हा गरिबांनी तिथेच जावे. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. नियम गेला. पण त्यामागचा विचार पुष्कळांच्या बैठकीच्या खोलीत अजून पाय सोडून बसलेला आहे, आणि तुमच्या सोसायटीचे निवेदन हे त्याचेच जरा पुढचे पाऊल आहे: आता ती शेजारची शाळाही नको, तिथे बाग हवी.

आता तुमच्या एकटेपणाकडे येते, कारण माझ्या मते खरी अडचण तीच आहे. टॉमस शेलिंग नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्ये बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकोनांवर दोन रंगांच्या सोंगट्या मांडून एक गोष्ट दाखवली. कोणत्याही सोंगटीला दुसऱ्या रंगाचा राग नाही; तिची अट एवढीच, की शेजाऱ्यांत आपल्या रंगाच्या निदान काही सोंगट्या असाव्यात, अगदीच एकटे पडू नये. ज्या सोंगटीची अट पुरी होत नाही ती जागा बदलते. ती हलली की तिच्या जुन्या शेजारणीची अट मोडते, मग ती हलते, आणि बघता बघता पटाचे दोन रंगांचे वेगवेगळे गठ्ठे पडतात. कोणालाही तसे नको असताना ते होते. तुम्ही लिहिलेली चार द्विधा घरे अशीच एकमेकांकडे बघत बसलेली आहेत. 'तुमची जाणार असेल तर आमचीही पाठवू' हे वाक्य प्रत्येकाच्या मनात आहे आणि ते कोणीही मोठ्याने बोललेले नाही.

तेव्हा एकटीने धैर्य दाखवण्याच्या फंदात पडू नका. चारही घरांतल्या आयांना एका रविवारी चहाला बोलवा आणि शाळा चांगली की वाईट यावर वाद न घालता फक्त एवढे ठरवा, की सगळ्यांनी मिळून एकदा ती आतून पाहायची. एक मूल 'वेगळे' दिसते. तीन-चार मुले नुसती मुले दिसतात. तुमच्या मुलीसाठी मला एवढीच सोबत आवश्यक वाटते, आणि ती नसेल तर तुमच्या काळजीला मी निराधार म्हणणार नाही.

या चार घरांचा शाळेच्या बाजूनेही हिशोब करून पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक असे प्रमाण आहे; दरवर्षीची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणे, पटाकडे बघूनच होते. तुमच्या शाळेचा पट ६३ आहे. या वर्षी चौथीतून समजा १७ मुले बाहेर पडली, तर ४६ उरतील, आणि ६१ गाठायला पहिलीत पंधरा मुले लागतील. पंधरा आली तर तिसरे पद टिकण्याची आशा; अकरा आली तर दोन शिक्षकांनी चार वर्ग ओढायचे. मग पुढच्या वर्षी तुमच्यासारखी एखादी आई शाळा बघायला जाईल, एका खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र बसलेली पाहील आणि म्हणेल, इथे शिक्षकच नाहीत, मी मुलीला कशी घालू? तिचे म्हणणे तेव्हा खरे असेल. पट घसरल्यामुळे शिक्षक जातो आणि शिक्षक गेल्यामुळे पट घसरतो, ही घसरगुंडी मी नोकरीत असताना पाटण तालुक्यातल्या डोंगरी शाळांत पाहिली. तिथे निदान कारण होते, माणसेच मुंबईला गेलेली होती. तुमच्याकडे माणसे जागेवर आहेत. फक्त त्यांची मुले रोज सकाळी बसमध्ये बसतात.

मी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले, आणि एक गोष्ट कबूल केल्याखेरीज तुम्हाला सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. मी ज्या शाळांची तपासणी करीत असे, त्यांतली एक माझ्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी होती, आणि माझा मुलगा तिच्यावरूनच रिक्षाने दुसऱ्या शाळेत जात असे. त्याचे शिक्षण उत्तम झाले, त्याबद्दल तक्रार नाही. तो कॉलेजात असताना एकदा गणपती मंडळाची पोरे वर्गणीला आली. सगळी त्याच्याच वयाची, त्याच गल्लीत वाढलेली. ती आपसांत अरे-तुरे करीत होती आणि माझा मुलगा दारात उभा राहून त्यांना 'तुम्ही थांबा हं, आईला विचारून येतो' असे अहो-जाहो करून बोलत होता. मला त्या दिवशीचा वर्गणीचा आकडा आठवत नाही, ते 'तुम्ही' मात्र अजून ऐकू येते.

'मुलीचे नुकसान होईल का' या प्रश्नाला पोकळ दिलासा देऊन तुमचे समाधान होणार नाही, म्हणून दोन पाहण्या सांगते. दिल्लीतल्या उच्चभ्रू खासगी शाळांना २००७ पासून गरीब घरांतली मुले घ्यावी लागली. त्या वर्गांतल्या श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला, हे गौतम राव या अर्थतज्ज्ञाने तपासले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. गरीब वर्गमित्र लाभलेली मुले अधिक उदार झाली, आणि खेळासाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला केवळ गरीब म्हणून टाळण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी झाले. गणित आणि हिंदीत त्यांचे काही बिघडले नाही. इंग्रजीत मात्र थोडी घट दिसली, आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. दुसरी पाहणी आंध्र प्रदेशातली. २००८ मध्ये तिथल्या खेड्यांत सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी व्हाउचर देण्यात आले. चार वर्षांनी पाहिले, तर तेलुगू आणि गणित या विषयांत ती मुले सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे गेलेली नव्हती. हिंदीत ती पुढे होती, कारण खासगी शाळा हिंदीला तास देत होत्या. या दोन्हींवरून 'सरकारी शाळा चांगलीच असते' असे सिद्ध होत नाही. फी आणि गणवेश पाहून शिकवण्याचा अंदाज करू नये, एवढे मात्र नक्की होते.

म्हणून शाळा पाहायला जा, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी न जाता साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, पूर्वसूचना न देता जा. तिसरीतल्या कोणत्याही एका मुलाला, हुशार म्हणून पुढे केलेल्या मुलाला नव्हे, पुस्तकातले न शिकवलेले पान वाचायला सांगा. कोणते वर्ग एकत्र बसतात ते विचारा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे का, हे स्वतः आत जाऊन बघा. पोषण आहाराच्या वेळेपर्यंत थांबा. पंगतीत मुले कशी बसतात, शिक्षक त्या वेळी कुठे असतात, हे अर्ध्या तासात कळते आणि त्यातून शाळेचा स्वभाव जेवढा कळतो तेवढा कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही. इंग्रजीची तुमची ओढ योग्य आहे, तिची लाज बाळगू नका. सेमी इंग्रजीची सोय आहे का, नसेल तर पालकांनी मागितल्यास होईल का, हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा. घरात दोन शिकलेली माणसे असताना सहाव्या वर्षी मराठीतून वाचायला शिकलेली मुलगी दहाव्या वर्षी इंग्रजी वाचू शकणार नाही, ही भीती मला पटत नाही. पाहून आल्यावर शाळा खरोखरच ढिसाळ वाटली, मुले चौथीतही अडखळत वाचत असतील आणि शिक्षकांना त्याचे काही नसेल, तर मुलीला तिथे घालू नका. तिला समाजसुधारणेचे साधन करण्याचा अधिकार ना तुम्हाला आहे, ना मला.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाने फार जुन्या काळी पाहिलेली आहे. राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस राज्यात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेत सगळ्या जातींची मुले एका छपराखाली होती. तरीही बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे, की त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे आणि शिपाई हजर नसेल तर पाणी मिळत नसे. याच साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले, जिथे मुलांनी एकत्र स्वयंपाक करायचा आणि एका पंगतीत जेवायचे. पुढे त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. पट मिसळलेला असणे आणि मुले मिसळणे यांत जे अंतर आहे, ते या दोन जागांमधले आहे. आज गोणपाट दिसत नाही, तुकड्या दिसतात. खासगी शाळेत २५ टक्क्यांतली मुले एका तुकडीत टाकलेली आढळतात, जे कायद्याला मुळीच मान्य नाही, आणि मराठी शाळांतही 'अ' तुकडी सेमीची व 'क' तुकडी उरलेल्यांची, अशी वाटणी बिनबोभाट होते. तुम्ही जी कोणती शाळा निवडाल, तिथे हे विचारा.

तुमच्या घरातही हा प्रश्न उभा राहणार आहे, आणि मला वाटते पत्रात तुम्ही तो लिहिता लिहिता थांबलात. मुलगी त्या शाळेत गेली, तर तिच्याहून एक-दोन वर्षे मोठी असलेली, तिला शाळेची वाट दाखवणारी मैत्रीण ही तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींची नात असेल. ती खेळायला येईल तेव्हा कुठे बसेल, खाऊ कोणत्या ताटलीत मिळेल, हे मुलगी डोळे उघडे ठेवून पाहील. मावशींच्या चहाचा कप तुमच्याकडे वेगळा ठेवलेला असेल, तर तो जूनच्या आधी हलवा. मुलीला त्याबद्दल काही सांगत बसू नका.

सगळे पाहून, बोलून, तुम्ही महामार्गावरच्या शाळेचाच निर्णय घेतलात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. तिथे गेल्यावर २५ टक्क्यांच्या जागा किती भरल्या आणि त्या मुलांना बस मिळते का, हे पालकसभेत विचारा. फी भरणाऱ्या पालकाने विचारलेला प्रश्न कार्यालयात जरा लवकर ऐकू येतो. प्रवेशासाठी मुलीची चाचणी किंवा तुम्हा नवरा-बायकोची मुलाखत घेतली, तर तीही कायद्याने निषिद्ध आहे आणि पहिल्या चुकीला २५ हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे हसतमुखाने लक्षात आणून द्या.

आणि जवळची शाळा घेतलीत, तर शाळा व्यवस्थापन समितीत जरूर जा. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. परंतु पहिल्याच सभेत अध्यक्ष होऊ नका. बँकेतली, नीट बोलणारी बाई आली की बाकीच्या आया मागच्या रांगेत सरकतात आणि सभेचे इतिवृत्त एकाच हस्ताक्षरात लिहिले जाऊ लागते. मग शाळा वस्तीच्या हातून निघून इमारतीच्या हातात जाते, आणि ज्यांनी ती इतकी वर्षे मुले पाठवून जिवंत ठेवली तेच तिथे पाहुणे ठरतात. वर्षभर ऐका, हिशोब समजून घ्या, तालुक्याच्या कार्यालयात पत्रे लिहायला मदत करा.

निवेदनाचे कारण सांगायचे राहिले. शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे गेली, तर तुमच्या इमारतीतली मुले बसने जातच राहतील. रस्ता ओलांडावा लागेल तो वस्तीतल्या सहा-सात वर्षांच्या पोरांना, आणि त्यांतली काही, विशेषतः मुली, लहान भावंडाला सांभाळायला म्हणून घरीच राहतील. शिवाय एकदा शाळेची जागा गेली की पुढे दहा वर्षांनी तुमच्या इमारतीत विचार बदलला तरी परत यायला शाळा उरणार नाही. बाग हवी असेल तर शाळेच्या आवारात झाडे लावायला मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत.

तर येत्या आठवड्यात एक दिवस अर्धी रजा काढा आणि शाळेत जाऊन या. चार घरांतल्या ज्या कोणी तयार होतील त्यांना बरोबर घ्या, आणि मावशींनाही विचारा. नातीची पालक म्हणून त्या शाळेत त्या तुम्हा सगळ्यांपेक्षा दोन वर्षांनी ज्येष्ठ आहेत.